जोडीचा हंगाम

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे स्टेशन लागतं. गावाच्या दक्षिणेला सोलापूर महामार्ग आणि त्यापलीकडे भुलेश्वरची डोंगररांग. उत्तरेला राहूकडचा उसाचा पट्टा, मुळा-मुठेचं पात्र, पुढे भीमा, आणि भीमा ओलांडली की शिरूर तालुका. सायकल चालवणाऱ्याच्या नजरेने हा मुलूख पाहिला तर त्याची श्रीमंती ध्यानात येते. सपाट डांबरी रस्ता, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या पाणंदी, कालव्याकाठची वाट, मुरमाड माळरान आणि डोंगरावर चढणारा घाट, हे सगळं एका सकाळच्या अंतरात सापडतं. लांब पल्ल्याच्या राईडसाठी लागणारी सलग वाट इथे आहे आणि माउंटन बाइकला लागणारी खडबडीत जमीनही आहे.

नवरा-बायकोने मिळून वर्षभराचा सायकलिंगचा हंगाम करायचा, त्यात माउंटन बाइकच्या शर्यतीही खेळायच्या आणि लांबच्या राईडही करायच्या, तर काय काय समजून घ्यावं लागतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. अशा जोडीपुढचा खरा प्रश्न सायकलच्या किमतीचा किंवा गिअरच्या संख्येचा नसतो. दोघांची ताकद सारखी नसते, आणि तरीही रस्ता एकच असतो, हा तो प्रश्न आहे.

जोड्यांचे तीन प्रकार

जोडीने सायकलप्रवास ही आजची टूम नाही. फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन जोडप्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत सायकलवरून भारत पालथा घातला. हवा भरलेला टायर तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. डनलॉपने तो १८८८ मध्ये आणला. वर्कमन दांपत्याच्या प्रवासाचं पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच्या उपशीर्षकातच सायकलवरच्या चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. त्यांची नजर त्यांच्या काळातल्या गोऱ्या प्रवाशांची होती आणि इथल्या माणसांबद्दलचे त्यांचे शेरे आज वाचवत नाहीत. पण त्या काळात एका स्त्रीने नवऱ्याच्या बरोबरीने इतकं अंतर कापणं ही मोठी गोष्ट होती. हीच फॅनी पुढे हिमालयातली नावाजलेली गिर्यारोहक झाली. वर्कमन जोडी पहिल्या प्रकारची : दोघे एकाच वेळी, एकाच रस्त्यावर.

दुसरा प्रकार आळीपाळीचा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा संघात एक जण सायकलवर असतो, तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. दोघांच्या संघाला नऊ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत या भावांनी अमेरिकेचा एक किनारा सोडून दुसरा गाठला.

तिसऱ्या प्रकारात एक जण सायकल चालवतो आणि दुसरा त्याला चालतं ठेवतो. नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये हीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या मदतपथकाचं नेतृत्व त्यांची बहीण सपना यांच्याकडे होतं. कधी झोपायचं, काय खायचं, कुठे थांबायचं हे सायकलस्वाराने स्वतः ठरवण्याची अवस्था अशा शर्यतीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी उरत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी ठरवावं लागतं, आणि सायकलस्वाराने ते मुकाट ऐकावं लागतं.

हंगाम करणाऱ्या जोडीला हे तिन्ही प्रकार आलटून पालटून जगावे लागतात.

शर्यत ज्याची त्याची

माउंटन बाइकिंगचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, १९७० च्या दशकात झाला. जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन तिथली मुलं डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली सुटत. ‘रिपॅक’ नावाने ओळखली गेलेली त्यांची शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की त्यातलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉस-कंट्री प्रकाराला स्थान मिळालं. पुरुष आणि स्त्रिया, दोघांसाठी एकाच वेळी.

क्रॉस-कंट्रीची ऑलिम्पिक पद्धतीची शर्यत साधारण चार ते सहा किलोमीटरच्या फेऱ्यांची असते आणि वरिष्ठ गटाला ती दीड तासाच्या आसपास पुरते. मॅरेथॉन प्रकारात हेच अंतर ६० ते १६० किलोमीटरपर्यंत जातं. स्त्री आणि पुरुष गट वेगळे सुटतात. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी जोडीतला एक शर्यतीच्या वाटेवर आणि दुसरा खाण्यापिण्यासाठी आखून दिलेल्या पट्ट्यात, हातात बाटली घेऊन उभा. त्या पट्ट्याबाहेर बाटली देता येत नाही. बाटली द्यायची म्हणजे येणाऱ्याच्या हाताच्या उंचीला, सैल धरून द्यायची. हे आदल्या आठवड्यात घरासमोरच्या रस्त्यावर दहा वेळा करून पाहिलं नाही तर शर्यतीत बाटली हमखास पडते.

दीड तासाच्या या झुंजीत हृदयाची गती जवळजवळ कमाल पातळीवर राहते. सुरुवातीची काही मिनिटं सगळ्यांत जोरात जावं लागतं, कारण पुढे वाट अरुंद होते आणि मागे पडलेल्याला ओलांडून जायला जागा मिळत नाही. मग छोटे, खडे चढ, दगड, वळणं आणि उतार. इथे ताकदीइतकंच कसब मोजलं जातं. वळणाआधी ब्रेक लावून वळणात तो सोडणं, उतारावर पार्श्वभाग सीटमागे नेणं, नजर पुढच्या चाकावर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवणं. खुटबावच्या दक्षिणेला डोंगरउतारावरचा मुरूम आणि खडी हे शिकवायला उत्तम. मुरमावर पुढचं चाक सरकतं. ते सरकल्यावर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हे शरीराने शिकायला महिने लागतात.

या खेळासाठी मोठ्या शहरात किंवा हिमालयात जन्मावं लागत नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी माउंटन बाइक आणि रोड या दोन्ही प्रकारांत राष्ट्रीय स्तरावर पदकं मिळवली आहेत. संगमनेरचा मुलूखही असाच, माळाचा आणि डोंगराच्या पायथ्याचा.

जोडीचीच अशी माउंटन बाइक शर्यत पाहायची तर दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’ पाहावी. २००४ पासून होणाऱ्या या आठ दिवसांच्या स्पर्धेत दोघांचेच संघ असतात आणि स्त्री-पुरुष जोड्यांचा वेगळा गट असतो. तिचा मुख्य नियम असा : दोघांमधलं अंतर दोन मिनिटांपेक्षा जास्त होता कामा नये. झालं तर वेळेचा दंड. म्हणजे पुढे पळण्याने काही साधतच नाही. संघाचा वेग मागच्याचा वेग असतो. जोडीने सायकल चालवण्याचं सारं शास्त्र या एका नियमात आलं.

सपाटीवर वारा, चढावर वजन

पाटस-भिगवणच्या दिशेने सोलापूर महामार्ग सरळ आणि बराचसा सपाट आहे. अशा रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, सायकलसह ८५ किलो वजनाच्या माणसाला साधारण ११५ वॅट शक्ती लागते असं धरलं, तर त्यातले ८० वॅट एकट्या हवेला बाजूला सारण्यात जातात. आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० वरून २५ वर नेला की वाढ चौथ्या हिश्शाची, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास दुप्पट.

पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चाललं तर हवेचा हा भार एक तृतीयांशाने कमी होऊ शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणात पंचवीस-तीस वॅटची बचत. जोडीतल्या दोघांच्या ताकदीतला फरक बहुतेकदा याच आकड्याच्या आसपास असतो. म्हणून सपाटीवर ताकदवान माणसाने पुढे राहून वारा घ्यावा आणि दुसऱ्याने त्याच्या आडोशाने चालावं, तर दोघेही सारखेच दमून मुक्कामी पोचतात. मागच्याने पुढच्याच्या चाकाला आपलं चाक घासू द्यायचं नाही, पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नाही, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा. बाजूने वारा असेल तर मागच्याने वारा येतो त्याच्या उलट बाजूला किंचित सरकायचं, रहदारी बघून.

चौफुल्याहून किंवा यवतहून दक्षिणेला वळलं आणि चढ सुरू झाला की हिशोब बदलतो. पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जाताना ८५ किलोंना वर उचलायला सुमारे ११६ वॅट लागतात, आणि हवेसाठी फक्त पाच-सहा. आता आडोशाचा उपयोग संपला. सायकलसह ६५ किलो भरणाऱ्या जोडीदाराला त्याच वेगासाठी ८९ वॅट पुरतात. सपाटीवर मागे राहणारी हलकी व्यक्ती घाटात पुढे निघून जाऊ शकते. चढावर प्रत्येकाने आपल्या चालीने जावं आणि माथ्यावर थांबावं, हेच शहाणपण. दुसऱ्याच्या गतीला गाठण्यासाठी चढावर केलेला हट्ट पुढचे पन्नास किलोमीटर वसुली करतो.

ब्रेव्हेचं गणित

लांब पल्ल्याची ‘ब्रेव्हे’ ही शर्यत नसते. तिथे क्रमांक नसतात, मुदत असते : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. ही पद्धत पॅरिसच्या, १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लबची. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. या मार्गावरचं शिखर म्हणजे चार वर्षांतून एकदा होणारी सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. तिला ९० तास मिळतात. भारतात ही चळवळ रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे.

ब्रेव्हेत एकमेकांचा आडोसा घ्यायला मुभा आहे, बाहेरच्या गाडीची मदत मात्र ठरलेल्या तपासणी-ठाण्यांखेरीज घेता येत नाही. म्हणून तो जोडीचा खरा खेळ आहे. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटरही नाही. वेळ जातो तो थांबण्यात. चहाला वीस मिनिटं, पंक्चरला अर्धा तास, जेवणाला पाऊण. दोघे असतील आणि एकाला थांबायचंय तेव्हा दुसऱ्याला नाही, असं झालं की थांबे दुप्पट होतात. जुन्या जोड्या निघण्याआधीच थांबे ठरवतात आणि ते पाळतात.

यात एक प्रश्न मोकळेपणाने बोलायला हवा, तो म्हणजे स्वच्छतागृहाचा. महामार्गावर स्त्रियांसाठी वापरण्याजोगं स्वच्छतागृह मोजक्याच ठिकाणी मिळतं. मग अनेक जणी पाणीच कमी पितात, आणि दौंडच्या उन्हात ते धोक्याचं ठरतं. थांब्यांची आखणी चहाच्या टपरीवरून न करता स्वच्छतागृह असलेल्या पेट्रोल पंपांवरून करावी. नवऱ्यानेही ती तशीच मान्य करावी.

दोन देह

सरासरी पाहिली तर पुरुषांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता स्त्रियांपेक्षा जास्त असते, आणि छोट्या, जोरकस शर्यतीत हा फरक ठळक दिसतो. अंतर वाढत जातं तसा तो कमी होतो. खूप लांबच्या प्रवासात पचन, झोप, संयम आणि चाल सांभाळणं यांचं वजन वाढतं. २०१९ मध्ये जर्मनीच्या फियोना कोल्बिंगरने युरोप ओलांडणारी सुमारे चार हजार किलोमीटरची ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस जिंकली, ती सगळ्या पुरुषांना मागे टाकून. जोडीत ताकदवान कोण याचं उत्तर पन्नासाव्या किलोमीटरला एक आणि चारशेव्याला दुसरं असू शकतं.

एक तपासणी मात्र प्रत्येक स्त्रीने हंगामाआधी करून घ्यावी : रक्तातलं हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असताना केलेला सराव अंगी लागत नाही, आणि बाई मात्र स्वतःलाच दुबळी समजत राहते.

खाण्याचं सूत्र सोपं आहे. दोन तासांपेक्षा लांब राईडमध्ये दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि उन्हाच्या मानाने अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात मीठ. केळ्यात पंचवीसएक ग्रॅम कर्बोदकं असतात. गूळ बहुतांशी साखरच. रसवंतीतल्या उसाच्या रसाच्या पेल्यातून तीस-चाळीस ग्रॅम साखर मिळते. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या मुलखात महागड्या पाकिटांवाचून अडत नाही. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, दशमी, मीठ घातलेलं ताक हे सगळं चालतं. मात्र नुसतं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नये. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. आणि जोडीतल्याने दुसऱ्याचं खाणं लक्षात ठेवावं. माणूस चिडचिडा झाला, गप्प झाला, की बहुतेक वेळा त्याला भूक लागलेली असते.

शिवाराचं पंचांग

दौंड आणि शिरूर पर्जन्यछायेत येतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे साधारण पाचशे. त्यामुळे पावसाळ्यातही सायकल चालवता येते, पण काळ्या रानात नाही. ओली काळी माती टायरला चिकटते, फोर्कमध्ये बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. शेतकरी वाफसा येईपर्यंत औत घालत नाही, तसंच सायकलस्वारानेही उघडीप पडून वाफसा येईपर्यंत पाणंदीत शिरू नये. ओल्या पाणंदीत पडलेली चाकोरी पुढे महिनोन्महिने गावकऱ्यांना छळते. या दिवसांत मुरमाड माळ बरा. तो पाणी लवकर निचरू देतो.

ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंड या वाटेने पंढरपूरला जाते. त्या दिवसांत महामार्ग वारकऱ्यांचा. सायकल उत्तरेकडे, न्हावरा-शिरूरच्या बाजूला न्यावी. याच काळात पश्चिमेचा वारा जोरात असतो. पूर्वेला पाटसकडे जाताना पंख फुटल्यासारखं वाटतं आणि परतताना पायाचे तुकडे पडतात. म्हणून निघतानाच वाऱ्याच्या तोंडावर निघावं आणि दमल्यावर त्याची मदत घ्यावी.

दसऱ्यानंतर शर्यतींचे आणि लांब राईडचे उत्तम महिने सुरू होतात. थेऊर, रांजणगाव, सिद्धटेक आणि मोरगाव हे अष्टविनायकांपैकी चार गणपती या मुलखाच्या चार बाजूंना आहेत. त्यांना जोडणारी फेरी म्हणजे दिवसभराच्या लांब राईडची घरबसल्या मिळालेली आखणी. शिरूरच्या टोकाला, कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे हे दुसरं ठिकाण. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. स्त्रियांची अशीच शर्यत इथे व्हायला हवी.

पण हेच महिने ऊस गाळपाचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांशिवाय उभे असतात, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक घसरतं. परावर्तक जाकीट, पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट यांना पर्याय नाही. उसात बिबटे आहेत, शिरूर तालुक्यात तर माणसांनी जीव गमावले आहेत. पहाटेच्या अंधारात फडांमधल्या पाणंदीत शिरू नये, उजाडू द्यावं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सकाळी आठच्या आत घरी यावं आणि मे महिना विश्रांतीला द्यावा. विश्रांतीतच स्नायू सरावाचं चीज करतात.

सायकलीलाही या शिवाराची सवय लावावी लागते. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे ट्यूब टिकू देत नाहीत. ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारं द्रव्य घातलं तर बारीक काटे जाणवतही नाहीत, पण उन्हाने ते सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं. फुफाट्यातून आल्यावर चेन पुसून कोरडं तेल द्यावं. जोडीने दोन्ही सायकलींना शक्यतो एकाच मापाची चाकं ठेवावीत. एक सुटी ट्यूब, एक पंप दोघांना पुरतो. आणि पंक्चर काढता दोघांनाही आलं पाहिजे.

भुलेश्वर आणि सुपे परिसरातली माळरानं ओसाड वाटली तरी ओसाड नाहीत. चिंकारा आणि लांडगे तिथे राहतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच राखलं आहे. रुळलेली वाट सोडून गवतात नवी चाकोरी पाडू नये, आणि धनगरांचे कळप समोर आले तर उतरून बाजूला उभं राहावं.

वर्षाच्या शेवटी जोडीने पदकं आणि किलोमीटर मोजावेतच. कष्टाचा तो हिशोब आहे. पण हंगाम साधला की नाही, हे एकाच कसोटीवर ठरवावं. शर्यतीत प्रत्येकाने आपलं सर्वस्व लावलं का, आणि लांबच्या वाटेवर वेग मागच्याचा, वारा पुढच्याचा हा नियम दोघांनी पाळला का? पुढे कोण हे मात्र वाटेला ठरवू द्यावं. ते आपण घरातून ठरवून निघालो, तर ज्याला कायम मागे ठेवलं त्याची ताकद आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे : घरातल्या दुसऱ्या माणसासाठीही सायकल घ्या, ती त्याच्या मापाची घ्या, आणि पहिले काही महिने त्याला वारा लागू देऊ नका.